नळीकृमींच्या आधी ऑक्सिजनचं बघा

समजा, तुम्ही एक काल्पनिक समुद्रराज्य रचताय आणि बेत असा: सूर्य अजिबात नको, समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांभोवती नळीकृमींची (नळीत राहणाऱ्या लांब समुद्री कृमींची) जंगलं हवीत. इथेच गोची आहे. १९७७ साली गालापागोसजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर असे झरे सापडले. तिथल्या प्रौढ नळीकृमीला तोंड नाही, आतडं नाही. अंगातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडवर त्याला पोसतात. पण त्यासाठी लागणारा विरघळलेला ऑक्सिजन वरच्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला. म्हणजे सूर्य मागच्या दाराने घुसलाच!

त्यापेक्षा सुरुवात मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांपासून करा. ऑलिव्हिन हे खनिज असलेल्या खडकात पाणी मुरलं की हायड्रोजन सुटतो. तो आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर त्यांचं भागतं. ऊर्जा मात्र तुटपुंजी, त्यामुळे खडकावर बुळबुळीत थरच मिळेल. मोठे प्राणी हवेत? मग ऑक्सिजन लागेल, त्यासाठी गुरूच्या ‘युरोपा’ या चंद्रासारखं समुद्रावर बर्फाचं कवच ठेवा: किरणोत्सर्गाने बर्फातले पाण्याचे रेणू फुटून ऑक्सिजन बनतो. तो खाली कसा झिरपतो, हे आधी ठरवा.