मदत हवी आहे : आरस्पॅनमध्ये दोन्ही दिशा एकत्र मागितल्या की ट्रॅफिक दिसेनासे होते

अंबड_मेंटेनन्स

नमस्कार,

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. आवारात तीन इमारती आहेत. मशीन शॉप सर्वांत मागे, मध्ये स्टोअर आणि पुढे रस्त्याच्या बाजूला कार्यालय. सर्व्हरची खोली कार्यालयात आहे आणि सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांना प्रोग्रॅम पुरवणारा डीएनसी सर्व्हरही तिथेच आहे. मोठा प्रोग्रॅम तुकड्यातुकड्याने यंत्राकडे जात असताना मध्येच जोडणी तुटते, यंत्र थांबते आणि कधीकधी चढवलेला जॉब भंगारात जातो, अशी ऑपरेटरांची तक्रार आहे. सॉफ्टवेअर पुरवठादार नेटवर्ककडे बोट दाखवतो, तर केबल आणि फायबर तपासणाऱ्याने सर्व काही ठीक असल्याचा अहवाल दिला आहे. आता साप साप म्हणून भुई धोपटण्यापेक्षा प्रत्यक्ष पॅकेट पाहावीत, असे मी ठरवले.

जोडणी केव्हा तुटेल याचा नेम नाही आणि कूलंटचे तुषार उडतात अशा ठिकाणी लॅपटॉप तिन्ही पाळ्या उघडा ठेवणे शक्य नाही. म्हणून मशीन शॉपच्या स्विचवरील एका पोर्टचे ट्रॅफिक मिरर करून, म्हणजे त्याची प्रत काढून, ते सर्व्हर खोलीतील एका संगणकापर्यंत आणण्याची व्यवस्था, म्हणजे आरस्पॅन, मी केली आहे. या संगणकावर पॅकेट पाहण्यासाठी वायरशार्क हे सॉफ्टवेअर बसवलेले आहे.

मांडणी अशी आहे. मशीन शॉपमध्ये सिस्कोचा कॅटॅलिस्ट २९६०-एक्स स्विच आहे आणि कार्यालयातही त्याच मालिकेतील दुसरा स्विच आहे. या दोघांमध्ये थेट फायबर नाही. दोन्हीकडचे फायबर स्टोअरमधील स्विचवर येते आणि हा मधला स्विच वेगळ्या कंपनीचा, वेब मेनूवरून चालवला जाणारा मॅनेज्ड स्विच आहे. मिररिंगसाठी व्हीलॅन ९०० (त्याच स्विचांवर चालणारे वेगळे आभासी नेटवर्क) राखून ठेवले असून दोन्ही सिस्को स्विचवर त्याला रिमोट-स्पॅन हा गुणधर्म दिलेला आहे. मशीन शॉपच्या स्विचवर सोर्स म्हणून यंत्रांकडे जाणारे पोर्ट आणि डेस्टिनेशन म्हणून रिमोट व्हीलॅन ९०० असे सेशन आहे. कार्यालयाच्या स्विचवर सोर्स रिमोट व्हीलॅन ९०० आणि डेस्टिनेशन वायरशार्कचा संगणक जोडलेले पोर्ट असे सेशन आहे. मधल्या स्विचवर व्हीलॅन ९०० साधे व्हीलॅन म्हणून तयार केले आहे, त्यात फक्त दोन्ही अपलिंक पोर्ट टॅग्ड (फ्रेमवर व्हीलॅन क्रमांकाची खूण ठेवणारे) म्हणून घातले आहेत आणि दुसरे एकही पोर्ट त्यात नाही.

अडचण विचित्र आहे. सोर्स सेशनमध्ये फक्त आरएक्स (पोर्टमध्ये येणारे ट्रॅफिक) मागितले, तर यंत्रांकडून सर्व्हरकडे जाणारी सर्व पॅकेट व्यवस्थित दिसतात. फक्त टीएक्स (पोर्टवरून बाहेर जाणारे) मागितले, तर सर्व्हरकडून यंत्रांकडे येणारी पॅकेट दिसतात. मात्र दिशा बदलल्यानंतर पहिली काही मिनिटे पडदा जवळजवळ रिकामा असतो आणि मग अचानक ओघ सुरू होतो. दोन्ही दिशा एकत्र मागितल्या, म्हणजे सेशनमध्ये बोथ लिहिले, की एआरपीच्या (कोणता पत्ता कोणाचा हे विचारणाऱ्या) चौकशा आणि इतर ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवलेली पॅकेट, तेवढे येत राहतात आणि टीसीपीचे काहीही दिसत नाही. मधला स्विच बंद करून चालू केला, तर सुरुवातीची थोडी पॅकेट दोन्ही बाजूंची दिसतात आणि पुन्हा शुकशुकाट होतो.

मी तपासलेल्या गोष्टी सांगतो, म्हणजे त्यांची पुनरुक्ती व्हायला नको. सर्व ट्रंकवर (स्विचांना जोडणाऱ्या, अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडण्यांवर) व्हीलॅन ९०० ला परवानगी आहे. दोन्ही सिस्को स्विच व्हीटीपी ट्रान्स्परंट मोडमध्ये असल्यामुळे प्रूनिंगचा (ट्रंकवरून व्हीलॅन आपोआप वगळले जाण्याचा) प्रश्न येत नाही. स्पॅनिंग ट्रीमध्ये (लूप टाळणाऱ्या यंत्रणेत) संबंधित पोर्ट फॉरवर्डिंग स्थितीत आहेत. कार्यालयातील डेस्टिनेशन पोर्ट ‘मॉनिटरिंग’ असे दाखवते, जे अपेक्षितच आहे. यंत्रे १०० एमबीपीएसची आणि ट्रंक गिगाबिटचे असल्यामुळे क्षमता कमी पडत असेल असे मला वाटत नाही. एका पोर्टवरून दोन दिशा वेगवेगळ्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत, याचे कारण काय असावे?

पंचवटीकर

वायरशार्कच्या संगणकाचे नेटवर्क कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये (स्वतःसाठी नसलेली पॅकेटही घेणाऱ्या) जाते आहे का, हे प्रथम पाहावे. विंडोजवरील काही ड्रायव्हर व्हीलॅनचा टॅग काढून टाकतात, तर काही टॅग असलेली फ्रेमच (केबलवरून जाणारे पॅकेटच) टाकून देतात, तीही एक शक्यता आहे.

अंबड_मेंटेनन्स

हाच संगणक मशीन शॉपमध्ये नेऊन तिथल्या स्विचवर साधे स्पॅन (त्याच स्विचपुरते मिररिंग) लावून पाहिले आहे. तिथे दोन्ही दिशांचे ट्रॅफिक पूर्ण दिसते. शिवाय आरस्पॅनमध्ये मूळ व्हीलॅनचा क्रमांक पुसला जाऊन सिस्कोच्या डेस्टिनेशन पोर्टवर पॅकेट टॅगविनाच येतात, त्यामुळे संशय संगणकावर जात नाही. मधल्या स्विचचे काउंटर पाहिले असता मशीन शॉपकडील पोर्टवर येणारी पॅकेट भराभर वाढतात, पण कार्यालयाकडील पोर्टवरून बाहेर जाणारी पॅकेट त्या प्रमाणात वाढत नाहीत, हे मात्र आज लक्षात आले.

सिन्नर_रात्रपाळी

आपण दिलेली लक्षणे इतकी नेमकी आहेत की कारण त्यांतच दडलेले आहे. मधला स्विच व्हीलॅन ९०० मध्ये मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) शिकतो आहे, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद करतो आहे.

सिस्को स्विचवर एखाद्या व्हीलॅनला रिमोट-स्पॅन हा गुणधर्म दिला, की त्या व्हीलॅनपुरते मॅक पत्ते शिकणे बंद होते आणि आलेली प्रत्येक फ्रेम त्या व्हीलॅनच्या सर्व ट्रंकवर सोडली जाते. आरस्पॅनचा सगळा डोलारा याच वर्तनावर उभा आहे. आपल्या मधल्या स्विचच्या लेखी मात्र ९०० हे इतरांसारखेच एक व्हीलॅन आहे. यंत्राने पाठवलेल्या फ्रेमची प्रत त्याच्याकडे मशीन शॉपकडील पोर्टवरून येते, म्हणून यंत्राचा पत्ता त्या पोर्टवर नोंदवला जातो. सर्व्हरने पाठवलेल्या फ्रेमची प्रतही त्याच पोर्टवरून येते, कारण दोन्ही प्रती मशीन शॉपच्या स्विचनेच काढलेल्या असतात. त्यामुळे या व्हीलॅनपुरता सर्व्हरही त्याच पोर्टच्या पलीकडे आहे, अशी त्याची समजूत होते. यापुढे यंत्राकडून सर्व्हरकडे जाणारी फ्रेम आली, की जिथे जायचे आहे तो पत्ता ती जिथून आली त्याच पोर्टवर असल्याचे त्याला दिसते आणि अशी फ्रेम पुढे न पाठवता टाकून देणे हे कोणत्याही स्विचचे नियमाप्रमाणे कामच आहे. उलट दिशेचेही तसेच. ब्रॉडकास्टला ठरावीक पत्ता नसल्यामुळे ते तेवढे निसटून पुढे जातात.

फक्त आरएक्स असताना सर्व्हरचा पत्ता सोर्स म्हणून कधी येतच नाही, तो अनोळखी राहतो आणि अनोळखी पत्त्याची फ्रेम सर्व पोर्टवर सोडली जाते, म्हणून आपल्याला ती दिसते. टीएक्सवर गेल्यानंतरच्या रिकाम्या मिनिटांचा उलगडाही यातच आहे, कारण आधी शिकलेले यंत्रांचे पत्ते मुदत संपेपर्यंत तक्त्यात राहतात आणि बहुतेक स्विचवर ही मुदत मुळात ३०० सेकंदांची असते.

खात्री करायची असेल, तर बोथ लावून मधल्या स्विचचा मॅक तक्ता उघडावा आणि व्हीलॅन ९०० च्या ओळी पाहाव्यात. सर्व्हरचा पत्ता मशीन शॉपकडील पोर्टवर नोंदलेला दिसला, की वेगळ्या पुराव्याची गरज उरणार नाही.

उपाय म्हणजे त्या स्विचवर केवळ व्हीलॅन ९०० साठी मॅक शिकणे बंद करणे. व्हीलॅनमध्ये दोनच पोर्ट असल्यामुळे सर्व फ्रेम सगळीकडे सोडल्या तरी त्या एकाच पोर्टवर जाणार आहेत, म्हणजे नुकसान काही नाही. ही सोय पुष्कळदा वेब मेनूत नसते आणि कमांड लाइनवर असते, त्यामुळे तिथे अवश्य पाहावे. मात्र व्हीलॅनऐवजी संपूर्ण पोर्टवर शिकणे बंद करण्याचा पर्याय दिसला, तर त्याला हात लावू नये, कारण अपलिंकवर तसे केल्यास रोजचे ट्रॅफिकही सर्व पोर्टवर उधळले जाईल.

सोयच नसेल, तर फायबरच्या केबलमध्ये मोकळे कोअर आहेत का ते पाहावे. तसे असल्यास स्टोअरमधील पॅच पॅनेलवर कोअरला कोअर जोडून मशीन शॉप आणि कार्यालय यांच्यात मिररिंगपुरती वेगळी, मधल्या स्विचला न शिवणारी जोडणी करता येईल. मला स्वतःला हाच मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो. ईआरस्पॅन हा आणखी एक प्रकार आहे, त्यात प्रत जीआरईच्या वेष्टनात, म्हणजे साध्या आयपी पॅकेटसारखी प्रवास करते आणि मधल्या स्विचला आतले पत्ते दिसतच नाहीत. मात्र २९६०-एक्सवर ती सोय नाही आणि जिथे आहे तिथेही वेष्टनाचे सुमारे ५० बाइट वाढत असल्यामुळे वाटेतील एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) वाढवावा लागतो.

अंबड_मेंटेनन्स

तक्ता उघडला. सर्व्हर आणि यंत्रे यांचे सगळे पत्ते एकाच पोर्टवर, आपण वर्णन केल्याप्रमाणेच, रांगेत बसलेले होते. वेब मेनूत सोय नव्हती, पण कमांड लाइनवर व्हीलॅननिहाय शिकणे बंद करता आले आणि त्याच क्षणी दोन्ही दिशांचे ट्रॅफिक सुरू झाले.

तरीही हत्ती गेला आणि शेपूट राहिले आहे. संध्याकाळी पाळी बदलताना बऱ्याच यंत्रांचे प्रोग्रॅम एकदम उतरवले जातात, तेव्हा वायरशार्कमध्ये ‘टीसीपी ॲक्ड अनसीन सेगमेंट’ अशा ओळींचा पाऊस पडतो. म्हणजे समोरच्याला पॅकेट पोहोचले, त्याने पोचही दिली, पण माझ्या संगणकापर्यंत त्याची प्रत आली नाही. ट्रंकवरील भार त्या वेळीही गिगाबिटच्या जवळपास जात नाही.

गंगापूर_रोड

मधल्या स्विचवरील स्टॉर्म कंट्रोल (अशा ट्रॅफिकच्या लोंढ्यावरील मर्यादा) तपासावे. शिकणे बंद केल्यामुळे आता व्हीलॅन ९०० मधील प्रत्येक फ्रेम त्या स्विचच्या दृष्टीने अनोळखी युनिकास्ट (एकाच, पण तक्त्यात नसलेल्या पत्त्याची) आहे आणि अपलिंकवर अनोळखी युनिकास्टची मर्यादा लावलेली असेल, तर ती ओलांडताच उरलेल्या फ्रेम निमूटपणे टाकल्या जातात. मर्यादा काढायची झाल्यास फक्त या एका प्रकाराची काढावी. ब्रॉडकास्टची मर्यादा लूप झाल्यास आपल्याला वाचवणारी आहे, ती राहू द्यावी.

त्याच स्विचवर व्हीलॅन ९०० साठी आयजीएमपी स्नूपिंगही (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टवर सोडणारी सोय) बंद असावे, अन्यथा मल्टिकास्टच्या (ठरावीक गटाला उद्देशून पाठवलेल्या पॅकेटांच्या) प्रती गाळल्या जातील.

ही व्यवस्था सुरक्षा लेखापरीक्षणासाठी कायम ठेवण्याचा आग्रह आपल्याकडे कोणी धरत असेल, तर एक खुलासा करतो, कारण सातपूर आणि अंबड भागातील काही कारखान्यांत मी हा गैरसमज पाहिला आहे. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये प्रणालींच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपून ठेवण्यास सांगितले आहे. प्रत्येक पॅकेटची प्रत साठवावी असे त्यात म्हटलेले नाही. स्विच, फायरवॉल आणि सर्व्हर यांचे लॉग एका ठिकाणी आणणे आणि सर्वांची घड्याळे एनटीपीने जुळवून ठेवणे हे काम वेगळे आहे, त्यासाठी आरस्पॅन अडवून ठेवू नये.

अंबड_मेंटेनन्स

अनोळखी युनिकास्टची मर्यादा लावलेली होती. ती काढल्यावर पाळी बदलतानाचे ट्रॅफिकही सलग मिळू लागले आणि त्यानंतर तुटलेली एक जोडणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पकडता आली.

तिच्यात दिसलेला क्रम असा आहे. लांब कट चालू असताना यंत्राचा बफर भरतो आणि यंत्र ‘झिरो विंडो’ सांगते, म्हणजे सध्या काही पाठवू नका. सर्व्हरचा संगणक अधूनमधून झिरो विंडोचे प्रोब पाठवून चौकशी करतो, यंत्र प्रत्येक वेळी पोच देते आणि विंडो शून्यच असल्याचे पुन्हा कळवते. वाटेत एकही पॅकेट हरवलेले नाही. काही वेळाने सर्व्हरकडूनच आरएसटी (जोडणी तोडण्याचा संदेश) येतो आणि जोडणी संपते. ज्या जॉबमध्ये एकेक कट लहान आहे, तिथे बफर लवकर रिकामा होतो आणि हा प्रसंगच येत नाही. तक्रारी ठरावीक जॉबवरच का येत होत्या, हेही त्यावरून समजले.

डीएनसी सॉफ्टवेअरमध्ये निष्क्रिय जोडणी किती वेळाने तोडायची याची सेटिंग असणार आणि ती सर्वांत लांब कटापेक्षा कमी असणार, असा माझा तर्क आहे. पकडलेल्या पॅकेटांची फाइल पुरवठादाराला पाठवून त्या सेटिंगबद्दल लेखी विचारणा केली आहे. दोन्ही सिस्को स्विचवरील मॉनिटर सेशन आता काढून टाकली आहेत. व्हीलॅन ९०० आणि मधल्या स्विचवरील शिकणे बंद केल्याची नोंद मात्र तशीच ठेवली आहे. रॅकच्या दारावरील आराखड्यातही तसे लिहून ठेवले आहे, म्हणजे पुढे कोणी ते व्हीलॅन दुसऱ्या कामाला वापरणार नाही.