पोटमाळ्यावरून न्यूयॉर्कची पत्रं
‘अमेरिकेतल्या गुलामांची ही आत्मकथनं गोऱ्या संपादकांनीच रचली, पुरावा म्हणून कुचकामी’ हे सरसकट विधान पटलं नाही. संपादकांचा हात फिरायचा, हे खरंच. पण गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट जेकब्जचंच घ्या. १८६१ साली टोपणनावाने आलेलं तिचं पुस्तक बरेच अभ्यासक कादंबरीच समजत; १९८०च्या दशकात अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी तिच्या पत्रांवरून ते तिचंच असल्याचं सिद्ध केलं.

नॉर्थ कॅरोलायनात आजीच्या घरी माळ्यावर ती जवळजवळ सात वर्षं लपली होती. उंची जास्तीत जास्त तीन फूट, तीही एकाच बाजूला. गिरमिटाने भोकं पाडून स्वतःची पोरं बघायची. आणि पठ्ठीने तिथूनच, जिच्या भीतीने लपली त्या मालकाला, डॉक्टर नॉर्कमला, पत्रं लिहिली, न्यूयॉर्कहून टपालात पडतील अशी सोय करून! तो बिचारा (कसला बिचारा म्हणा) ती उत्तरेत, गुलामगिरी नसलेल्या राज्यांत पळाली असंच समजत राहिला.