मदत हवी आहे: कॅशलेस क्लेमची टीम पार थकली आहे. भरती हातात नसताना काय बदलता येईल?

फाइलबहाद्दर
आरोग्य विम्याचे कॅशलेस दावे बघणारी टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेची) टीम, पुणे. १६ जण, बहुतेक बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टर. सकाळी ९ ते ६ मध्ये ७, दुपारी २ ते ११ मध्ये ५, रात्री २, बाकीचे साप्ताहिक सुटीवर. मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) परिपत्रकाप्रमाणे पहिल्या मंजुरीला (इनिशियल) १ तास, डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला (फायनल) ३ तास. ११ ते ३ मध्ये साधारण ११० फायनल आणि ५० इनिशियल पडतात. रोजच्या फाइलींचं टार्गेट सगळ्यांना सारखंच. जेवण डेस्कवर, फोनही त्यांनीच घ्यायचे, ऑडिटचा शेरा थेट अप्रेझलमध्ये. दोन राजीनामे आलेत. माझ्या हातात रोस्टर, कामाची वाटणी आणि क्वेरीचे (हॉस्पिटलकडे कागद किंवा खुलासा मागायच्या पत्रांचे) साचे एवढंच आहे. पिझ्झा आणि योगासत्र दोन्ही झालंय, कृपया तेच सुचवू नका.

हिशोबी
आधी गणित मांडा. फायनलला १४ आणि इनिशियलला १८ मिनिटं धरतो. तुमचे खरे आकडे सिस्टीमच्या लॉगमधून काढा. ११० × १४ = १५४० आणि ५० × १८ = ९००, मिळून २४४० मिनिटं. चार तासांत एका माणसाची २४० मिनिटं. म्हणजे १०.२ माणसं, तीही पाणी प्यायलासुद्धा न उठणारी. फाइली ठरावीक अंतराने येत नाहीत, डॉक्टरांचे राउंड संपले की लोंढा येतो. त्यामुळे ८० टक्के वापर धरा: १३ माणसं. तुमच्याकडे २ वाजेपर्यंत ७.

दुपारच्या पाचांपैकी तिघांना ११ ते ८ करा. लोंढ्याच्या वेळी १० होतील, २ नंतर १२. सकाळच्या सातांची जेवणं १२ च्या आत किंवा ३ नंतर, रोस्टरवर नाव आणि वेळ घालून. 'जमेल तेव्हा जा' म्हटलं की कुणीच जात नाही. उरलेली तीन माणसांची तूट गणितासकट वर पाठवा. 'टीम थकली आहे' या मेलला उत्तर येत नाही, आकड्याला द्यावं लागतं.

जुनी_ऑडिटर
रोस्टर ठीक, पण निम्मं ओझं क्वेरीचं असतं. क्वेरीचं उत्तर आलं की फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते, आणि बहुधा दुसऱ्याच डॉक्टरला. शेवटच्या २०० क्वेरी काढून कारणाप्रमाणे वेगळ्या करा. बिलाचं ब्रेकअप नाही, इम्प्लांटचा स्टिकर किंवा इन्व्हॉइस नाही, डिस्चार्ज समरीत शस्त्रक्रियेची तारीख नाही, तपासण्यांचे रिपोर्ट अर्धेच, ही मंडळी वर दिसतील. यातलं काहीही ओळखायला डॉक्टर लागत नाही. नॉन-मेडिकल माणूस असेल तर त्याला दारावर बसवा: फाइल आल्यावर ५ मिनिटांत कागद मोजायचे, कमी असेल तर हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला तिथल्या तिथे फोन. डॉक्टरने पूर्ण फाइलच उघडायची.

एका फाइलला एकच क्वेरी, सगळे मुद्दे एकत्र. दुसरी काढायची तर टीम लीडची परवानगी. बीपी-शुगर किती वर्षांपासून, पहिल्या सल्ल्याचा कागद कुठे, हे इनिशियललाच विचारून संपवा. डिस्चार्जला हे प्रश्न निघाले की वॉर्डमध्ये भांडण आणि तुमच्याकडे फोन, दोन्ही ठरलेलं.

टार्गेटला वजन द्या. मोतीबिंदूचं पॅकेज १, साधा डेंग्यू १, मेडिको-लीगल (पोलिसांत नोंद झालेला) अपघात २, आयसीयूतला लांबलेला मुक्काम ३. आणि वाटप सिस्टीमकडून, हाताने उचलणं बंद. नाहीतर चलाख लोक मोतीबिंदू वेचतात, अवघड फाइली घेणारा अनुभवी माणूस महिनाअखेर आळशी ठरतो. मनोबल मुख्यतः इथेच खचतं, असं माझं मत.

फाइलबहाद्दर
वजनाचं लगेच करतो. पण नकाराच्या फाइलींना लोक हात लावायला घाबरतात. त्याचं काय?

जुनी_ऑडिटर
नकार प्रोसेसरचा, म्हणजे फाइल तपासणाऱ्याचा, नसतोच. त्याच परिपत्रकाप्रमाणे विमा कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट कमिटीच्या किंवा तिच्यातल्या तीन सदस्यांच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या संमतीशिवाय दावा नाकारता येत नाही. तुमच्या माणसाने फक्त शिफारस लिहायची: पॉलिसीचं कलम, कागदातला पुरावा आणि त्याचा पान क्रमांक. पत्रात किंवा फोनवर त्याचं नाव जाता कामा नये. ऑडिटमध्येही पैशाची चूक, कलमाची चूक आणि नुसती टंकलेखनाची चूक यांचे तीन रकाने करा. स्पेलिंगसाठी अप्रेझल कापलं जात असेल तर लोक टॅट (फाइल निकाली काढायची वेळ) सोडून स्वतःला वाचवत बसतात, आणि ते बरोबरच आहे.

नीरक्षीर
सगळं मान्य, पण एक धोका सांगतो. टॅट सुधारला की व्यवस्थापन त्याच टीमवर नवा कॉर्पोरेट क्लायंट चढवतं. १ एप्रिलची नूतनीकरणं आणि पावसाळ्यातला डेंग्यू, या दोन्हींच्या आधी क्षमतेचा आकडा लेखी देऊन ठेवा. ३ तासांपुढे उशीर होऊन हॉस्पिटलने जादा रक्कम लावली तर ती विमा कंपनीला भागधारकांच्या निधीतून भरावी लागते. परिपत्रकातलं ते कलम मेलमध्ये घाला, वाचलं जातं.

जादा वेळेची नोंद रोज ठेवायला सांगा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असलेल्या आस्थापनेत, ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय पदांना सूट असल्याने टीम लीड बहुधा बाहेर, पण प्रोसेसर नुसत्या 'एक्झिक्युटिव्ह' या पदनामाने बाहेर जात नाही. लॉगिन-लॉगआउटचा मासिक उतारा एचआरला सीसी करा.

फाइलबहाद्दर
फोनचं राहिलं. वेगळी कॉल टीम मिळणार नाही.

हिशोबी
मग ११ ते ३ मध्ये दोघांनीच फोन घ्यायचे, ९० मिनिटांनी पाळी बदलायची, त्या वेळात त्यांना फाइल द्यायची नाही. दोघं कमी झाले हे वरच्या गणितात धरा, तूट तीनची पाच होईल. नातेवाइकांना पहिल्याच वाक्यात हॉस्पिटलकडून मागणी किती वाजता आली ते सांगायचं. घरचे ९ पासून थांबलेले असतात आणि फायनल बिल आपल्याकडे साडेबाराला येतं. बहुतेक राग त्या साडेतीन तासांचा असतो. शिवीगाळ झाली तर एकदा समज, मग कॉल टीम लीडकडे. म्हणजे तुमच्याकडे. तेवढी तयारी ठेवा.