शब्दचर्चा : ‘कारणीभूत’, ‘निमित्त’ की साधे ‘लागतो’?

प्रश्न (गुहागर) : शाळेच्या वार्षिकांकासाठी मेंदूच्या चुंबकीय उद्दीपनावर लिहीत आहे. डोक्याला टेकवलेल्या वेटोळ्यातून क्षणमात्र वीज सोडली की बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे कवटीखालच्या मेंदूत प्रवाह निर्माण होतो. १९८५ साली शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी अशा प्रकारे हाताचे स्नायू हलवून दाखवले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लहानपणीच दृष्टी गेलेल्यांच्या मेंदूच्या मागच्या, एरवी दृष्टीच्या मानल्या जाणाऱ्या भागावर उद्दीपन केल्यावर ब्रेल वाचताना चुका होऊ लागल्या. डोळसांना स्पर्शाने अक्षरे ओळखताना तसे झाले नाही. ‘हा भाग ब्रेल वाचनास कारणीभूत आहे’ असे लिहावे का?

उत्तर (वेंगुर्ले) : ‘कारणीभूत’ नको. आपण तो शब्द बहुधा अपघाताला, आजाराला, भांडणाला लावतो, आणि त्यात दोष एकाच्याच माथी मारल्याचा सूर असतो. ‘निमित्त’ न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, भारदस्त आहे (घटाचे निमित्तकारण म्हणजे कुंभार), पण बोलण्यात तापाचे निमित्त होऊन माणूस जातो, म्हणजे खरे कारण दुसरेच असते. त्याच शास्त्रातला ‘अन्यथासिद्ध’ मात्र येथे नेमका बसतो. माती वाहणारे गाढव घटाच्या आधी हजर असले, तरी त्याच्यावाचून घट होतो, म्हणून ते कारण नव्हे. वाचताना मेंदूचा एखादा भाग सक्रिय दिसला, तर तो कुंभार की गाढव हे नुसत्या चित्रणावरून ठरत नाही. उद्दीपनाने त्याचे काम क्षणभर बिघडवून पाहता येते. चुका झाल्या नाहीत, तरी त्याला लगेच गाढव ठरवू नये, कारण उद्दीपन अपुरे पडलेले असू शकते किंवा दुसऱ्या भागाने काम निभावलेले असू शकते. मी ‘लागतो’ लिहीन.

पुरवणी (आचरे) : ‘लागतो’ मान्य, पण ‘वाचन तेथे घडते’ असे कोणी त्यातून काढू नये. आमच्याकडे वरच्या अंगाला पाट अडवला की खालची पोफळीची वाडी सुकते, म्हणून सुपारी पाटात धरते असे कोणी म्हणत नाही. उद्दीपनाचा परिणामही जोडलेल्या दूरच्या भागांपर्यंत पोहोचतो. शिवाय वेटोळे टक्कन वाजते आणि डोक्याच्या कातडीखालचे स्नायू आखडतात, त्यानेही वाचणारा चुकेल. म्हणून दुसऱ्या जागी किंवा लटके उद्दीपन देऊन तुलना करावी लागते. डोळसांशी केलेली तुलना याच कामी येते, ती लेखातून गाळू नका.

प्रश्नकर्ता : वाक्य असे केले आहे : ‘उद्दीपनाने अंधांचे ब्रेल वाचन बिघडले, डोळसांची स्पर्शाने अक्षरओळख बिघडली नाही, यावरून अंधांना ब्रेल वाचण्यासाठी हा भागही लागतो असे दिसते.’ त्यातला ‘ही’ पाटासाठी ठेवला आहे.