उन्हाळ कांदा आत्ताच विकावा की चाळीत ठेवावा: हिशेब कसा मांडावा?

प्रश्न (चांदवड परिसरातील शेतकरी): चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर कोठारात) भरण्याजोगा २०० क्विंटल उन्हाळ कांदा हाताशी आहे आणि आज क्विंटलला १,५०० रुपये भाव मिळतो आहे. गावात सगळे 'पुढे भाव वाढणारच' असे सांगतात. परंतु हा निर्णय अंदाजावर न सोडता कागदावर मांडायचा असल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: पुढील भाव किती असेल, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून, किती भाव मिळाला तर साठवणूक तोट्यात जाणार नाही, हे प्रथम काढावे. आज विकल्यास आपल्याला ३,००,००० रुपये मिळतात. वजनातील घट, सड आणि कोंब मिळून चार महिन्यांत ३० टक्के माल गेला असे धरले, तर विक्रीला १४० क्विंटल उरतो. अडकलेल्या रकमेवर वार्षिक ९ टक्क्यांनी ९,००० रुपये व्याज आणि निवड-मजुरीचे समजा ११,००० रुपये मिळवल्यास ३,२०,००० रुपये वसूल व्हायला हवेत, म्हणजे क्विंटलला सुमारे २,२८६ रुपये. भाव दीडपटीहून अधिक वाढला तरच आपण आजच्या जागी राहतो. १,८०० चा भाव पाहून 'वाढला' म्हणणारे बहुधा हीच घट विसरतात.

उत्तर २: हिशेब योग्य आहे. मात्र हा आकडा मागील वर्षांच्या भावांशी ताडून पाहताना बाजार समितीचा सरासरी भाव घ्यावा, कमाल भाव नव्हे, कारण तो मोजक्याच ट्रॉल्यांना मिळतो. शिवाय पाच वर्षांची एकच सरासरी काढू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. त्याच डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. अशी वर्षे वेगळी काढून 'वाईटात वाईट काय झाले' हे पाहावे. कर्जाचा हप्ता जवळ आला असेल, तर निदान तेवढ्या रकमेचा माल आत्ताच विकणे मला शहाणपणाचे वाटते.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. ३० टक्के घट माझ्या चाळीला लागू पडेल, हे कसे ठरवावे?

उत्तर १: ते मोजूनच कळेल. जाळीच्या काही पिशव्यांत वजन करून कांदा भरावा, त्या चाळीच्या कडेला, मध्यभागी आणि तळाशी ठेवून दर पंधरवड्याला तोलाव्यात व सडलेला कांदा निवडून वेगळा लिहावा. सुरुवातीची घट मुख्यतः पाणी उडाल्याने होते; पावसाळी दमटपणात सड वाढते आणि शेवटी कोंब फुटू लागतात. प्रत्येक तोलणीनंतर वरचा २,२८६ चा आकडा नव्याने काढावा, आणि भाव त्यापुढे गेलेला दिसला की निदान निम्मी चाळ रिकामी करावी.