जुन्या प्लेस्टेशनला चिप मारणं ही चोरी कशी काय?

कथीलकर (धागालेखक)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर एकाने विचारलं होतं की जपानहून मागवलेली ओरिजिनल सीडी माझ्या जुन्या प्लेस्टेशनवर चालत नाही, काय करू? पहिलाच प्रतिसाद पडला: 'चिप मारून घ्या, पण मग पायरसीवर तोंड उघडू नका.' त्याला बरेच जण 'सहमत' म्हणून गेले. चिप मारणं म्हणजे मशीनचं कुलूप चकवणारी छोटी चिप आतल्या बोर्डावर सोल्डर करणं. मला काही तो टोमणा पटलेला नाही, म्हणून हा वेगळा धागा.

आधी कुलूप कसलं आहे ते बघू. 1994 साली जपानात आलेलं सोनीचं पहिलं, करड्या डब्याचं प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. त्याच्या अस्सल सीडीच्या आतल्या कडेला, जिथून लेन्स वाचायला सुरुवात करते, तिथली वाट मुद्दाम किंचित नागमोडी छापलेली असते. त्या नागमोडीत चार अक्षरं दडलेली असतात. जपानच्या सीडीत एससीईआय, अमेरिकेच्या एससीईए, युरोपच्या एससीईई. घरच्या सीडी रायटरला बाकी सगळा डेटा उतरवता येतो, ही नागमोडी नाही, कारण कोऱ्या सीडीवरची वाट कारखान्यातूनच आखून आलेली असते. मशीन ती अक्षरं वाचतं आणि आपल्या मुलखाची असली तरच गेम चालू करतं.

आता 'सीडी अस्सल आहे का' आणि 'सीडी कुठल्या देशात विकलेली आहे' हे दोन अगदी वेगळे प्रश्न. सोनीने दोन्हींचं उत्तर त्याच चार अक्षरांत कोंबलं. परिणाम असा की टोकियोच्या दुकानातून रीतसर पैसे मोजून आणलेली सीडी आणि फूटपाथवरची कॉपी मशीनच्या लेखी सारख्याच नालायक. दोघींसाठी उपायही एकच: पिक 12सी508 सारखी आठ पायांची चिप, जी तिन्ही मुलखांची अक्षरं आळीपाळीने घोकत बसते. पैसे मोजणाऱ्यालाही चोराच्याच खिडकीतून आत शिरावं लागतं, हा दोष गिऱ्हाइकाचा की कुलूप करणाऱ्याचा?

घरी लिहिलेल्या, म्हणजे होमब्रू गेम्सचंही तेच. सोनीनेच 1996-97 मध्ये 'नेट यारोझे' नावाचं काळं प्लेस्टेशन हौशी प्रोग्रामरांना विकलं. त्याला रीजन लॉक, म्हणजे मुलखाचं कुलूप, नव्हतं. त्यावर लोकांनी लिहिलेले गेम्स ब्रिटनमधल्या अधिकृत प्लेस्टेशन मासिकाच्या डेमो डिस्कवर आले. म्हणजे घरगुती गेम कंपनीला चालत होता, फक्त महागड्या काळ्या डब्यावर. करड्यावर चालवला की आपण गुन्हेगार!

खडूस गिरगावकर

कुलपाचं वर्णन झकास. आता जरा 2000 च्या आसपासच्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर या.

दुकानदार 'चिप मारून देऊ का' असं विचारायचासुद्धा नाही, मारलेलीच असायची. काउंटरवर पातळ प्लास्टिकच्या पाकिटांत सीड्यांची चळत, वर कव्हरची रंगीत झेरॉक्स, मार्करने लिहिलेलं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. पन्नास-शंभर रुपये, आणि 'नाही चालली तर बदलून देऊ'. टोकियोची पावती हातात घेऊन चिप मारायला आलेला गिऱ्हाईक मी जन्मात पाहिला नाही. तुम्ही पाहिलाय? सगळा बाजार एका गोष्टीसाठी खिडकीतून शिरत होता आणि तुम्ही त्या एकट्या सज्जनाचं वकीलपत्र घेऊन उभे. जिथे शेजारचा माणूस शंभरात देतोय, तिथे ओरिजिनल सीडी ठेवणारा दुकानदार तगणार कसा? पुढे आपल्याकडे कन्सोल गेम्सचा धंदा रुजायला इतकी वर्षं लागली, त्यात या चिपचा वाटा नाही म्हणता?

कथीलकर

वाटा आहे, नाही कुठे म्हटलं? पण ओरिजिनल सीडी तेव्हा हजारांच्या घरात होती आणि आपल्या वडिलांचे पगार आठवा. चिप नसती तर लोकांनी ओरिजिनल घेतली असती हे गृहीतक तुमचं. माझ्या मते त्यांनी प्लेस्टेशनच घेतलं नसतं.

शिवाय मी 2000 बद्दल बोलतच नाहीये. या मशीनचं उत्पादन 2006 मध्येच थांबलंय. आज ज्याला शंभरातली कॉपी हवी तो सोल्डरिंगच्या भानगडीत पडत नाही, फोनवर फाइल उतरवतो. चिप कुणाला लागते? ज्याच्याकडे खरी डिस्क आहे त्याला.

आणि बाहेरची डिस्क का घेतो माणूस? आपल्याकडे टीव्ही 'पाल', म्हणजे 50 हर्ट्झच्या पद्धतीचे, म्हणून बरेचसे डबेही पाल. जपान-अमेरिकेतले 60 हर्ट्झचे गेम्स 50 वर आणताना कंपन्यांनी अनेकदा वेग जुळवायची तसदीच घेतली नाही. सहाच्या जागी पाच फ्रेम्स, म्हणजे जवळपास सतरा टक्के मंद गेम, वर-खाली काळ्या पट्ट्या. लहानपणी आपण कित्येक गेम्स संथ गतीत खेळलो आणि त्यालाच खरा वेग समजलो. जपानी किंवा अमेरिकन आवृत्ती लावून बघा एकदा.

मल्टिमीटर मावशी

दुरुस्तीचं दुकान आहे, जुने कन्सोल आठवड्याला येतात. नैतिकता तुम्ही दोघं वाटून घ्या, मी बोर्डाबद्दल बोलते.

कथीलकर भाऊ, 'चिप मारणं' लिहायला सोपं आहे. माझ्याकडे येणाऱ्या चिपवाल्या बोर्डांवर ट्रॅक उखडलेले, जाड वायरी झाकणाखाली दाबून बसवलेल्या, फ्लक्स (सोल्डर करताना लावतात ती चिकट पेस्ट) पुसलेला नाही, खालचं तांबं हिरवं पडलेलं. त्यात कॉपीच्या सीड्या नीट वाचत नाहीत म्हणून कुणीतरी लेन्सचा प्रीसेट (बारीक स्क्रू) फिरवून पॉवर वाढवलेली असते. काही महिने मशीन पळतं, मग 'ताई, लेन्स गेली'. चांगली जुनी लेन्स आणू कुठून मी?

आणि चिप मारून अमेरिकन डिस्क लावली की पुढचा फोन येतो: चित्र काळंपांढरं दिसतंय! अहो दिसणारच. पाल मशीन 60 हर्ट्झवर गेलं तरी त्याच्या रंगाच्या सिग्नलचा क्रिस्टल पालचाच राहतो. पिवळ्या कम्पोझिट केबलवर टीव्हीला रंग सापडत नाही. त्याला आरजीबी केबल (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नेणारी) तरी लागते, नाहीतर आणखी एक छोटा बोर्ड. हे कुणी आधी सांगत नाही.

आता चिपची गरजही उरलेली नाही. 2021 पासून मेमरी कार्डावरून काम होतं. फ्रीपीएसएक्सबूट नावाचा प्रोग्राम कार्डावर लिहायचा, मशीन डिस्कशिवाय चालू करायचं, मेमरी कार्डाच्या पडद्यावर जायचं, झालं. सीडी ड्राइव्हमध्ये सोनीनेच काही छुप्या आज्ञा ठेवल्या होत्या. ड्राइव्हला ओळीने 'लायसन्स्ड बाय', 'सोनी', 'कम्प्युटर', 'एंटरटेनमेंट' आणि शेवटी मुलूख सांगितला की ते गपगुमान कुलूप उघडतं. मशीन बंद केलं की परत जैसे थे. जपानी मॉडेलच्या ड्राइव्हला मात्र या आज्ञा कळत नाहीत, तिथे वेगळी वाट धरावी लागते. बाकीच्यांनी सोल्डरिंग गन हातात घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आळशी मनगट

मावशींना दंडवत. पण सोल्डरही नको, कार्डही नको. डकस्टेशन हा एम्युलेटर, म्हणजे प्लेस्टेशनची नक्कल करणारा प्रोग्राम, टाका लॅपटॉपवर, रीजनची कटकट नाही, चित्र चारपट स्पष्ट. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये मोजलं, तिथे 2010 पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी 87 टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत. हे गेम्स एम्युलेटरवरच जगणार आहेत. तीस वर्षं जुन्या प्लास्टिकच्या डब्यात जीव अडकवून काय उपयोग?

खडूस गिरगावकर

@आळशी मनगट, बायोसची फाइल, म्हणजे मशीनच्या आतला सोनीचा मूळ प्रोग्राम, कुठून आणलीत हो? स्वतःच्या मशीनमधून काढलीत की गूगलबाबाने दिली? असो, उत्तर नको.

दोन एमबी

मी या मशीनसाठी गेम लिहितो, पीएसनूब एसडीके हा गेम लिहायच्या अवजारांचा संच वापरून. मुक्त स्रोत आहे, सोनीची एक ओळही त्यात नाही. माझ्या गेममध्ये कुणाची चोरी आहे ते गिरगावकरांनी दाखवावं.

एम्युलेटरबद्दल: रोजचं काम मीही त्यावरच करतो. पण एम्युलेटर मोठ्या मनाचा असतो. मशीन चालू झाल्यावर रॅममध्ये कचरा असतो, एम्युलेटरमध्ये बहुधा स्वच्छ शून्य मिळतात. मी एक व्हेरिएबल शून्य करायला विसरलो तर लॅपटॉपवर सगळं गुळगुळीत, आणि खऱ्या डब्यावर पडदा काळा ठिक्कर. सीडीचं हेड या टोकाहून त्या टोकाला जायला लागणारा वेळही खऱ्या डब्यावरच कळतो. 2 एमबी रॅम, 1 एमबी व्हिडिओ रॅम, दशांश गणिताचं वेगळं हार्डवेअर नाही. या अडचणींसाठीच तर लोक अजून यावर लिहितात. खऱ्या डब्यावर न चालणारा प्लेस्टेशनचा गेम मी तरी प्लेस्टेशनचा म्हणणार नाही. मग कुलूप उघडण्यावाचून गत्यंतर काय? नेट यारोझे विकत घ्यायचं म्हटलं तर आता ते संग्राहकांच्या काचेच्या कपाटात.

अवांतर: कथीलकर, तुमच्या चिपचा एक पराक्रम राहिला. जुनी चिप अक्षरं सतत घोकत बसते. 1999 पासूनच्या काही गेम्सनी, उदाहरणार्थ जपानी 'डायनो क्रायसिस'ने, हेच हेरलं. जिथे अक्षरं असायलाच नकोत तिथे ती ऐकू आली की गेम बंद, आणि पडद्यावर 'यंत्रात फेरफार झालेला असू शकतो' अशी सूचना. पैसे देऊन आणलेली अस्सल जपानी डिस्क चिपमुळेच अडकली. कॉपीवाल्यांनी मात्र गेममधली ती तपासणीच काढून टाकलेल्या सीड्या विकल्या. बघा, कोण खेळलं आणि कोण बसलं.

खडूस गिरगावकर

तुमच्या गेमबद्दल माझी तक्रार नाही, दोन एमबी. तुम्ही लाखात एक. धोरण लाखाकडे बघून ठरतं.

आणि शेवटचा किस्सा माझ्याच बाजूचा आहे. कंपनीला एवढा उपद्व्याप करावा लागला तो लाखांमुळेच.

कलमबहाद्दर

धोरणाचा विषय निघालाच आहे तर कायदा बघू.

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 65अ आलं. संरक्षणासाठी लावलेला तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे नुसतं कुलूप उघडलं एवढ्याने भागत नाही, हेतूही सिद्ध व्हावा लागतो. स्वतःची विकत घेतलेली जपानी डिस्क लावणाऱ्याचा हक्कभंगाचा हेतू कुणी दाखवून द्यावा, मी वाट बघतो.

याच मशीनवर गाजलेला खटला ऑस्ट्रेलियातला, स्टीव्हन्स विरुद्ध सोनी, 2005. तिथलं हाय कोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट समजा. त्यांनी एकमताने सांगितलं की हे कुलूप कॉपी करण्यापासून कुणाला रोखतच नाही. कॉपी आधीच झालेली असते, कुलूप ती फक्त चालू देत नाही. म्हणून तिथल्या कायद्यातल्या तेव्हाच्या व्याख्येत ते बसत नाही. लगेच 2006 मध्ये त्यांनी कायदा कडक केला, पण बाहेरदेशी घेतलेली अस्सल प्रत अडवणारं रीजन लॉक त्यातून मुद्दाम वगळलं. कथीलकर म्हणतात ते दोन प्रश्न तिथल्या संसदेने असे वेगळे केले.

खडूस गिरगावकर

तो स्टीव्हन्स चिपा बसवायचा आणि कॉपी केलेले गेम्सही विकायचा, हेही लिहा की वकीलसाहेब. लॅमिंग्टन रोड सिडनीतही होता म्हणायचा!

कलमबहाद्दर

विकायचा, बरोबर. पण चिपेचा मुद्दा कोर्टाने त्यावर नाही, व्याख्येवर ठरवला.

कथीलकर

मग एक अवघड प्रश्न, सगळ्यांनाच. स्क्वेअर कंपनीचा 'रेसिंग लगून' हा गेम, 1999, फक्त जपानात आला. 2021 मध्ये चाहत्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. माझ्याकडे ओरिजिनल जपानी डिस्क आहे. इंग्रजीत खेळायचं तर तिची प्रत काढायची, तिच्यावर भाषांतराचा पॅच लावायचा, कोऱ्या सीडीवर लिहायचं आणि कुलूप उघडायचं. हे कुठल्या खात्यात? डिस्कचे पैसे मी दिलेत.

कलमबहाद्दर

स्वतःसाठी प्रत काढण्याचा बचाव मांडता येईल. भाषांतराचा हक्क मात्र मूळ मालकाचा, आणि त्याने तो कुणाला दिलेला नाही. पॅच करणाऱ्यांची बाजू लंगडी आहे. माझी स्वतःची सहानुभूती तुमच्याकडे आहे, पण कोर्टात सहानुभूती चालत नाही.

खडूस गिरगावकर

इथे मात्र मी तुमच्या बाजूने, कथीलकर, चकित होऊ नका. जो गेम कंपनी कधीच इंग्रजीत विकणार नव्हती त्यात कुणाचं गिऱ्हाईक पळवलं? माझी अट एकच. ओरिजिनल डिस्क हातात दाखवेल त्याचंच कुलूप उघडायचं. बाकीच्यांना दुकानातून परत पाठवा.

मल्टिमीटर मावशी

दाखवा म्हटलं तर उद्यापासून शेजारच्या दुकानात गर्दी. बोलायला काय जातंय तुमचं.

कलमबहाद्दर

मावशी, गिरगावकरांची अट कायद्याच्या फार लांब नाही. 65अ मध्येच पुढे आहे की वैध कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कशासाठी उघडलं, याची पूर्ण नोंद ठेवायची.

मल्टिमीटर मावशी

म्हणजे रजिस्टर? लेन्स बदलायला येणाऱ्यांची नावं मला धड वाचता येतील अशी लिहून मिळत नाहीत. 'कशासाठी' या रकान्यात काय लिहिणार ते, 'टाइमपास'?

दोन एमबी

माझं नाव पहिलं लिहा. कशासाठी: स्वतःचा गेम. आणि मेमरी कार्डाचे किती घेता ते व्यनि (खाजगी निरोप) करा.