मदत हवी आहे : मे महिन्यातलं लग्न आणि मुलाचे झटके

नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले. मुलगा साडेचार वर्षांचा, त्याला मिरगी आहे. ईईजी, एमआरआय जळगावला झालं, सिरप सकाळ-संध्याकाळ चालू आहे आणि गुणही येतोय. औषधाचं डॉक्टर बघताहेत, तो प्रश्न नाही.

अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न, शिरपूरकडे. ऊन म्हणाल तर पारा ४५च्या आसपास, आणि हळदीला मध्यरात्र उलटेपर्यंत डीजे. याची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी नजर एका जागी थिजते, ओठाचा कोपरा उडायला लागतो. गेलो नाही तर सासरी वर्षभर ऐकावं लागेल, हेही आहेच.

त्यात झटका आला की कोणी कांदा फोडतं, कोणी चप्पल हुंगवतं, कोणी दातांत चमचा घालायला धावतं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेलं तर झटका थांबवणारा नाकातला मिडाझोलामचा स्प्रे आणि थेट दवाखाना, हे मला पाठ आहे. पण त्या गर्दीला आवरणार कोण? आमच्या सासूबाई तर अजून बाहेरची बाधाच समजतात.

तुमच्यापैकी कोणी अशा लेकराला घेऊन लग्नाला राहिलंय का? रात्री झोपेची सोय कुठे केली? एसटीच्या प्रवासात उन्हात स्प्रे कसा नेता? आणि घरातल्या मोठ्यांना न दुखावता कसं समजावलं, तेवढं जरूर लिहा.